नागली आपली, मग दिवाळीच्या पिशवीत मैदा का?

मित्रांनो, पोस्ट थोडी मोठी आहे, पण घरात कुणाला शुगर असेल तर शेवटपर्यंत वाचा.

गेल्या दिवाळीची गोष्ट. माझ्या आईला सहा वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. घरात फराळ झाला की ती बिचारी चहाचा कप घेऊन बाजूला बसायची. मला ते बघवत नव्हतं, म्हणून मीच बायकोला सांगितलं, आईसाठी नागलीचे लाडू कर. साखर नको, गूळ घाल. मोबाईलवर सगळीकडे तेच फिरत होतं ना, नागली म्हणजे शुगरवर औषध, गूळ म्हणजे नैसर्गिक. आई खूश. वाघबारशीपासून भाऊबीजेपर्यंत रोज तीन-चार लाडू खाल्ले. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी चक्कर आली, दवाखान्यात नेलं. शुगर निघाली ३४२.

सिस्टरने विचारलं, काय खाल्लं? आई म्हणाली, "नागलीचंच तर खाल्लं, साखर तोंडालाही लावली नाही." सिस्टर म्हणाली, "मावशी, गूळ म्हणजे साखरच."

चूक आईची नव्हती, माझी होती. म्हणून आधी दोन गोष्टी स्पष्ट सांगतो.

पहिली, १०० ग्रॅम गुळात ८५ ग्रॅमच्या आसपास साखरच असते. रंग बदलला म्हणून शरीर फसत नाही. मधाचंही थोड्याफार फरकाने तेच.

दुसरी, नागली चांगलीच आहे, पण ती औषध नाही. १०० ग्रॅम नागलीत ६५ ते ७० ग्रॅम पिष्ट असतं. तिची खरी ताकद तंतूंमध्ये, म्हणजे ज्याला आपण फायबर म्हणतो त्यात. नागलीत ते ११ ग्रॅमच्या आसपास आहे, पांढऱ्या तांदळात ३ सुद्धा नाही. म्हणून भातापेक्षा नागलीची भाकर बरी. पण तीच नागली बारीक चाळून, गूळ घालून, दिवसाला चार लाडू खाल्ले तर आमच्या घरी झालं तेच होणार.

मग शुगरवाल्याने सणाला काय खायचं? मला वाटतं उत्तर आपल्या घरातच आहे. आमची आजी दिवाळीत तवस किसून नागलीच्या पिठात कालवायची, मीठ-मिरची घालायची आणि केळीच्या पानात उकडायची. तेल नाही, साखर नाही. सोबत खुरासणीची चटणी. तोच आमचा फराळ होता. शंकरपाळी, मैद्याच्या करंज्या हे सगळं नंतर आलं.

आता आमच्या घरी आईसाठी काय करतो ते लिहितो, करून बघा.

लाडू: एक वाटी नागलीचं पीठ (न चाळता, मंद आचेवर खमंग भाजलेलं), एक वाटी भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट, अर्धी वाटी भाजून कुटलेली खुरासणी, आठ खजूर भिजवून वाटलेले, वेलची, तीन-चार चमचे तूप. सुपारीपेक्षा थोडे मोठे असे सोळा लाडू होतात. एका लाडवात अर्धा खजूर येतो. गोडाला कमी वाटतात, दोन दिवसांत सवय होते. दिवसाला एकच, तोही जेवणाच्या वर नाही, जेवणातली थोडी भाकर कमी करून.

चिवडा: मुरमुरे नाहीत. भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, कढीपत्ता, मिरची, हळद, मीठ आणि मूठभर भाजलेले पोहे. साखर अजिबात नाही. मोठ्या कढईला दोन चमचे तेल पुरतं.

नागलीचे पापड: तळायचे नाहीत, निखाऱ्यावर भाजायचे. बीपी असेल तर दोनच, कारण मीठ असतं.

आणि सण आहे म्हणून गोळी किंवा इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही, वाढवायचंही नाही. डॉक्टरांना विचारायचं.

हे झालं घरातलं. आता गावाचं बोलू.

२०२२ च्या दिवाळीत सरकारने 'आनंदाचा शिधा' सुरू केला. १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर एकेक किलो आणि एक लिटर पामतेल. पुढच्या वर्षी त्यात मैदा आणि पोहे आले. गरिबाच्या घरी सण व्हावा हा हेतू चांगलाच होता, मी नाकारत नाही. पण सुरगाण्यासारख्या नागली पिकवणाऱ्या तालुक्यात दिवाळीची पिशवी आली आणि तिच्यात साखर, मैदा, पामतेल? डोंगरउतारावर आपली माणसं राब भाजून, चिखलात वाकून नागली लावतात. तीच नागली बाजारात विकायची आणि रेशनवरचा तांदूळ खायचा, असा उलटा धंदा चालू आहे.

अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्यात गहू, तांदळाबरोबर भरडधान्यही लिहिलेलं आहे. कर्नाटकात रेशनवर नागली मिळते. ओडिशाने २०१७ पासून आदिवासी जिल्ह्यांत भरडधान्याची मोहीम चालवली, शेतकऱ्याकडून हमीभावाने नागली घेतली आणि रेशनवर दिली. तिथे केओंझर जिल्ह्यात अंगणवाडीच्या पोरांना नागलीचा लाडू मिळतो. मग आपल्याकडे का नाही? आदिवासी विकास महामंडळाचं मुख्यालय तर नाशिकलाच आहे. २०२५-२६ साठी नागलीचा हमीभाव क्विंटलला ४८८६ रुपये जाहीर झालाय. त्या भावाने इथेच खरेदी करा आणि इथल्याच रेशन दुकानात द्या. शेतकऱ्यालाही पैसा, ताटातही नागली.

कुणी म्हणेल, शुगर हा शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा आजार. आयसीएमआरच्या २०२३ च्या अभ्यासात देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचं दिसलं, आणि तो आता खेड्यातही पसरतोय. माझी आई आयुष्यभर शेतात राबली, तिलाही झालाच.

म्हणून माझं म्हणणं दोनच. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाने आरोग्य केंद्रात जाऊन शुगर तपासून घ्या, मोफत होते. आणि पुढच्या ग्रामसभेत आपण सगळ्यांनी मिळून ठराव मांडूया: रेशनवर आणि सणाच्या शिध्यात नागली पाहिजे. मी आमच्या गावात मांडणार आहे. तुमच्या गावात कोण मांडणार, कमेंटमध्ये गावाचं नाव टाका. ठरावाचा मसुदा मी लिहून देतो.

यंदा आई आमच्याबरोबर फराळाला बसणार आहे. एक लाडू, दोन पापड आणि पानात उकडलेलं तवसाचं. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही बाजूला बसवू नका.

वाघबारशीच्या आणि दिवाळीच्या शुभेच्छा. जय आदिवासी, जय जोहार.

#सुरगाणा #नागली #रेशनवर_नागली