घरच्या सर्व्हरला महागडं ‘रेड’ कार्ड कशाला? साधं ‘एचबीए’च बरं!

“अगं, आठही डिस्क ठणठणीत आहेत, पण एकही फाइल दिसेना!” गेल्या पावसाळ्यात सांगलीहून मामेभावाचा फोन आला. दादा लग्नाचं फोटो-व्हिडिओ शूटिंग करतो. वादळात लाइट दोन-तीनदा गेली-आली आणि त्याच्या घरच्या सर्व्हरमधलं रेड कार्ड उडालं. डिस्क शाबूत, डेटाही शाबूत. पण तो वाचायची किल्ली त्या बंद पडलेल्या कार्डाकडे! तसंच दुसरं कार्ड मिळायला नऊ दिवस लागले. तोवर दोन लग्नांचं फुटेज अडकून पडलं होतं. डेटा परत मिळाला, पण नवरीकडच्यांना रोज नवं कारण सांगताना दादाची काय अवस्था झाली, ती मी पाहिली आहे.

घरी मोठा स्टोरेज सर्व्हर उभारणाऱ्यांची संख्या वाढते आहे. डिस्क कोणती घ्यायची, यावर सगळे तासन्‌तास चर्चा करतात. त्या डिस्क कशाला जोडायच्या, हा प्रश्न मात्र शेवटी उरतो. माझं मत स्पष्ट आहे: घरच्या सर्व्हरला हार्डवेअर रेड कार्ड घेऊ नका.

कंट्रोलर म्हणजे नेमकं काय?

डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातला दुवा म्हणजे कंट्रोलर. साध्या मदरबोर्डवर बहुधा चार ते सहा सॅटा पोर्ट असतात. तेवढ्यात भागत असेल, तर वेगळं कार्ड घेऊच नका. आठ, बारा डिस्क लावायच्या असतील, तर तीन पर्याय उरतात.

१. हार्डवेअर रेड कार्ड: सगळ्या डिस्क मिळून एकच मोठी डिस्क आहे, असं ते कॉम्प्युटरला भासवतं. हिशेब कार्डावरचा प्रोसेसर ठेवतो.

२. एचबीए: म्हणजे होस्ट बस अ‍ॅडाप्टर. हे कार्ड स्वतःचं डोकं चालवत नाही. प्रत्येक डिस्क जशी आहे तशी ऑपरेटिंग सिस्टीमच्या हवाली करतं.

३. स्वस्त सॅटा कार्ड: छोट्या स्लॉटमध्ये बसणारी, पाच-सहा किंवा त्याहून जास्त पोर्टची कार्डं.

‘बिनडोक’ कार्ड चांगलं कसं?

कारण हिशेब ठेवायला आता सॉफ्टवेअर आहे. सन मायक्रोसिस्टीम्समध्ये जन्मलेली ‘झेडएफएस’ ही फाइल सिस्टीम प्रत्येक ब्लॉकचा चेकसम ठेवते. वाचताना काही बिघडलेलं आढळलं, तर दुसऱ्या डिस्कवरच्या माहितीवरून ते दुरुस्त करते. त्यासाठी तिला प्रत्येक डिस्क थेट दिसावी लागते. मध्ये रेड कार्ड बसलं, की खराब डिस्क कोणती आणि तिचा स्मार्ट रिपोर्ट काय सांगतो, हे झाकलं जातं.

दुसरं कारण दादाच्या फोनमध्येच आहे. रेड कार्ड आपली मांडणी स्वतःच्या पद्धतीने लिहितं. कार्ड गेलं, की सहसा त्याच कुटुंबातलं कार्ड शोधा. झेडएफएसच्या डिस्क मात्र दुसऱ्या कुठल्याही लिनक्स मशीनला जोडा, फाइल सिस्टीमची आवृत्ती जुळली की पूल इम्पोर्ट होतो. एचबीए जळालं तर दुसऱ्या कंपनीचंही चालतं.

मग स्वस्त सॅटा कार्ड का नको?

एक गणित मांडूया. आजची मोठी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण २५० एमबी वाचते. आठ डिस्क म्हणजे २,००० एमबी. पीसीआय एक्सप्रेस २.० च्या एका लेनमधून जेमतेम ५०० एमबी जातात. म्हणजे प्रत्येक डिस्कच्या वाट्याला ६२ एमबी.

तुम्ही म्हणाल, घरच्या गिगाबिट नेटवर्कवर तसेही ११० एमबीच मिळतात, मग काय बिघडलं? रोजच्या वापरात काहीच नाही. पण एक डिस्क गेली आणि नवी भरायची वेळ आली, की सगळ्या डिस्क एकदम वाचाव्या लागतात. भरलेली १६ टीबीची डिस्क पूर्ण वेगाने भरायला कागदावर सुमारे १८ तास लागतात. ६२ एमबीच्या वेगाने तीन दिवस. या तीन दिवसांत दुसरी डिस्क गेली तर? घोर तिथेच आहे.

दोन-चार पोर्टच वाढवायचे असतील, तर एएसएम११६६ किंवा जेएमबी५८५ चिपचं कार्ड चालेल. एका पोर्टचे पाच करणाऱ्या पोर्ट मल्टिप्लायरपासून मात्र दूर राहा.

कोणतं एचबीए घ्यावं?

जुन्या सर्व्हरमधून काढलेली एलएसआय चिपची कार्डं घरगुती वापरात सर्वाधिक दिसतात. एलएसआय कंपनी आता ब्रॉडकॉमचा भाग आहे. ९२११-८आय (चिप सॅस२००८), ९२०७-८आय (सॅस२३०८) आणि ९३००-८आय (सॅस३००८) ही नावं लक्षात ठेवा. प्रत्येकावर आठ डिस्क बसतात. ही सॅस कार्डं असली तरी सॅटा डिस्क त्यांना चालतात. सॅस१०६८ई चिपचं कार्ड फुकट मिळालं तरी नको; दोन टीबीच्या वरची डिस्क ते पूर्ण ओळखत नाही.

खरेदीपूर्वी एवढं तपासा:

- फर्मवेअर: ‘आयटी मोड’ हवा. ‘आयआर मोड’ म्हणजे पुन्हा रेड. दुकानदाराला आधीच विचारा.
- केबल: एका बाजूला एसएफएफ-८०८७ आणि दुसऱ्या बाजूला चार सॅटा, अशी ‘फॉरवर्ड ब्रेकआउट’ केबल घ्या. ‘रिव्हर्स’ केबल हुबेहूब तशीच दिसते, पण चालत नाही. ९३००-८आयला एसएफएफ-८६४३ लागते.
- स्लॉट: मदरबोर्डवरचा दुसरा लांब स्लॉट अनेकदा चारच लेनचा असतो. मॅन्युअल वाचा.
- उष्णता: ही कार्डं सर्व्हरमधल्या जोरदार वाऱ्यासाठी बनलेली आहेत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात साध्या कॅबिनेटमध्ये हीट सिंकवर छोटा पंखा बसवाच.
- नकली माल: लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा ऑनलाइन, अगदी नवीकोरी आणि संशयास्पद स्वस्त कार्डं टाळा. परत घेण्याची हमी लेखी घ्या.

रेड कार्ड कुणासाठी?

ज्या ऑफिसात कंपनीशी सपोर्ट करार आहे, बिघडलेलं कार्ड दुसऱ्या दिवशी बदलून मिळतं आणि कार्डावरच्या कॅशला बॅटरीचा आधार आहे, तिथे ते आजही योग्य ठरू शकतं. घरी यातलं काहीच नसतं. तिथे बिघाड झाला, तर शोधाशोध तुम्हालाच करायची आहे.

अर्थात एचबीए लावलं म्हणून यूपीएस टळत नाही आणि बॅकअपही टळत नाही. चुकून डिलीट केलेली फाइल, चोरी किंवा आग यांपुढे कुठलाही कंट्रोलर हतबल आहे.

दादाने आता जुनं ९२०७-८आय बसवलंय, दोन डिस्क गेल्या तरी तग धरेल अशी झेडएफएसची मांडणी केलीय आणि एक प्रत ताईच्या घरी ठेवलीय. जुनं रेड कार्ड टेबलावर पेपरवेट म्हणून पडलेलं असतं. नवं गिऱ्हाईक आलं, की तो आधी ते दाखवतो आणि सांगतो, “तुमचं लग्न दोन घरांत जपून ठेवतो.”