गावाशेजारी सोलर प्रकल्प येतोय? मोबाईल हातात घ्या आणि आधी हे तपासा

निफाड तालुक्यातल्या माझ्या मामांचा परवा फोन आला. "तू कॉम्प्युटरवाला ना, मग सांग. गायरानात सोलरवाले खुणा ठोकून गेलेत. चांगलं का वाईट?"

एका शब्दात उत्तर देता येईना. कारण याच मामांनी ऐन थंडीत रात्री दोन वाजता, बिबट्याच्या धाकात, कांद्याला पाणी भरलंय. दिवसा वीज त्यांना हवीच आहे. पण शेजारच्या मेंढरांना ते गायरानही हवंय.

योजना नेमकी काय?

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, २०२३ मध्ये तिची २.० आवृत्ती. कल्पना सोपी आहे: महावितरणच्या सबस्टेशनजवळ छोटे सोलर प्रकल्प उभारायचे आणि ती वीज तिथल्याच शेतीच्या फीडरला द्यायची. वीज लांबून आणावी लागत नाही, त्यामुळे गळती कमी.

एका मेगावॅटला साधारण चार-पाच एकर जागा लागते. पाच एचपीचा पंप म्हणजे सुमारे ३.७ किलोवॅट. कागदावर एक मेगावॅटवर एकाच वेळी २७० पंप चालतील. ढग, तारा आणि इन्व्हर्टरमधला तोटा धरला की आकडा खाली येतो, पण तरी बरेच चालतात. २.० मधल्या पहिल्या पाच प्रकल्पांचं, एकूण १९ मेगावॅटचं, ५ ऑक्टोबर २०२४ ला वाशिममधून लोकार्पण झालं. त्यात वैजापूर तालुक्यातलं धोंदलगाव आहे.

मग अडतं कुठे?

पॅनलमध्ये नाही, जमिनीत. खासगी जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. गायरान मात्र सरकारी. ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरवर्षी ५ लाख मिळण्याची तरतूद आहे, पण तिथे मेंढरं चारणाऱ्याच्या खात्यात काही येत नाही.

दुसरी गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार सोलर फोटोव्होल्टाइक प्रकल्पांना पूर्वमंजुरी लागत नाही. म्हणजे त्या प्रक्रियेतली जनसुनावणीही नाही. प्रदूषण कमी म्हणून ही सूट समजण्यासारखी आहे. पण त्यामुळे गावाला पहिली बातमी जेसीबीच देतो.

मोबदल्यात ढिलाई झाली तर काय होतं, ते शेजारच्या धुळे जिल्ह्याने पाहिलंय. विखरणचे ८४ वर्षांचे शेतकरी धर्मा पाटील वीज प्रकल्पात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी चकरा मारून थकले. जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयातच त्यांनी टोकाचं पाऊल उचललं आणि २८ जानेवारीला ते गेले. ती सक्तीने घेतलेली जमीन होती, ही योजना भाड्याची आहे. तरी धडा तोच: आधी बोला, मग खणा.

मोबाईलवर काय कराल?

१. महाभूलेखवर गट नंबर टाकून सातबारा बघा. जमीन सरकारी आहे का, गायरान आहे का, तिथे कळतं.

२. गूगल अर्थवर जुनी सॅटेलाईट चित्रं पाहा. ओढा, पायवाट, पाणी साठण्याची जागा कुंपणात जाते का, ते तपासा. सपाटीकरणानंतर पावसाचं पाणी कोणाच्या शेतात घुसेल, हे आत्ताच विचारायचं.

३. काम सुरू होण्याआधी रस्ता आणि विहिरींचे लोकेशन व तारखेसह फोटो काढून ठेवा. डंपरने रस्ता फुटला तर तोच पुरावा.

४. राज्याच्या ऑनलाईन आरटीआय पोर्टलवर १० रुपयांत अर्ज करा. तीन प्रश्न पुरेत: वीज कोणत्या फीडरला जाणार, जागेचे आदेश कोणते, ग्रामपंचायतीचे पैसे कधी? कायद्याने ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

माझं मत

प्रकल्प अडवा असं मी म्हणत नाही. पण आम्ही सॉफ्टवेअर लाईव्ह करण्याआधी वापरणाऱ्यांकडून तपासून घेतो. इथे वापरणारा म्हणजे गाव. कंत्राटदाराने नकाशा, डंपरची वेळ आणि तक्रारीसाठी एक फोन नंबर चावडीवर लावला, तर खर्च एका फ्लेक्सचा. वाचतात ते महिनोन्महिन्यांचे वाद.

मामांना मी एवढंच सांगितलं, "ग्रामसभेत पहिला प्रश्न फीडरचा विचारा, दुसरा मेंढरांचा." ते म्हणाले, "दुसरा आधी विचारतो. फीडरचं विचारायला सगळेच उठतील."