टोपलीत पडलेला पाला

मुलांनो, रोपं लावली, फोटो काढला, की झालं का जंगल? छे! जंगल खरंच आलं का, हे बघायला मान वर नाही, खाली करायची. गळलेल्या पाल्याकडे बघायचं. (तोच, जो आपण झाडून पेटवून देतो!)

मध्य अमेरिकेत कोस्टा रिका नावाचा चिमुकला देश आहे. त्याच्या दक्षिणेला जंगल तोडून गुरांची कुरणं आणि कॉफीचे मळे केले होते. तिथल्या पडीक जमिनींवर कॅरेन हॉल, रकान झहावी आणि त्यांच्या सोबत्यांनी २००४ ते २००६ मध्ये झाडं लावली. कुठे सगळीकडे, कुठे बेटांसारखी. काही तुकडे मुद्दाम तसेच ठेवले. मग जाळीच्या टोपल्या मांडल्या. त्यांत पडलेला पाला वाळवायचा, निवडायचा, तोलायचा!

एवढा खटाटोप का? पाला कुजला की त्यातलं नत्र, स्फुरद मातीत उतरतं आणि मुळं ते परत वर ओढतात. लावलेल्यांत आपल्या पांगाऱ्याचा भाऊबंदही होता. त्याच्या मुळांच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र धरतात, म्हणून त्याचा पाला सकस.

काही वर्षांनी हिशेब लागला. हेक्टरी वर्षाला पाला किती? तशाच ठेवलेल्या जागी सुमारे १.४ टन, बेटांत ३.५, पूर्ण लागवडीत ६.३. आणि आपोआप उगवलेल्या कोवळ्या जंगलात ७.३. वजन जवळपास जमलं की! पण निवडताना कळलं, जंगलाच्या टोपलीत कितीतरी जातींची पानं, लागवडीच्या टोपलीत बहुतेक त्याच दोन-चार झाडांची. बाकीच्यांच्या बिया आणायच्या त्या पक्ष्यांनी आणि वटवाघळांनी.