अँड्रॉइड कीं आयफोन ?

गेल्या दिवाळीच्या सुटीपूर्वीं, शाळा सुटल्यावर, फाटकाजवळ मुलांचा मोठा वाद चाललेला मीं ऐकला. अँड्रॉइड श्रेष्ठ कीं आयफोन श्रेष्ठ, हा त्या वादाचा विषय. आवाज चढले होते. एक मुलगा मात्र आपला फोन खिशांत घट्ट धरून भिंतीशीं उभा होता. वडिलांनीं वापरून त्याला दिलेला, कांच तडकलेला असा तो फोन होता. त्याच आठवड्यांत एक पालक शाळेंत येऊन मला म्हणाले, “सर, पोरगं आयफोनच पाहिजे म्हणून हटून बसलंय. मक्याचे पैसे आलेत. घेऊन टाकूं का ?” “विचार करून सांगतों,” इतकेंच मी त्या वेळीं म्हणालों. तो विचार आज विद्यार्थी व पालक या उभयतांपुढें मांडीत आहें.

प्रथम मूळ वस्तु काय आहे तें पाहूं. फोनच्या यंत्राकडून काम करवून घेणारी जी आज्ञावली, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपण तिला प्रणाली म्हणूं. अ‍ॅपल कंपनीचा आयफोन २००७ सालीं निघाला. त्याची प्रणाली आयओएस. ती अ‍ॅपलच्याच फोनांत चालते. अँड्रॉइड ही एका लहान कंपनीनें आरंभिलेली प्रणाली गुगलनें २००५ सालीं आपल्याकडे घेतली, आणि तिचा पहिला फोन २००८ सालीं बाजारांत आला. सर्वांस खुल्या असलेल्या लिनक्सच्या पायावर ती उभी आहे, व अनेक कारखानदार ती आपापल्या फोनांत घालतात. यामुळें दहा हजारांचा फोनहि अँड्रॉइडचा, आणि लाखाचाहि अँड्रॉइडचाच. भारतांतील शंभर स्मार्टफोनांपैकीं नव्वदांहून अधिक याच प्रणालीवर चालतात.

एवढें ध्यानांत आलें, म्हणजे फाटकाजवळचा अर्धा वाद मिटतो. दहा हजारांचा फोन सत्तर हजारांच्या फोनापुढें ठेवून प्रणालीचा निकाल लावणें म्हणजे बैलगाडी व मोटार यांची शर्यत लावून रस्त्याला दोष देणें होय. तुलना करावयाची, तर सारख्या किंमतीच्या वस्तूंची करावी.

आतां गुणदोष. आयफोनचें यंत्र व प्रणाली हीं दोन्ही एकाच कंपनीचीं. त्यामुळें जुन्या फोनांसहि नव्या सुधारणा दीर्घकाळ मिळतात. २०१५ सालच्या आयफोन ६ एस ला २०२१ सालची आयओएस १५ ही आवृत्ति मिळाली, हें त्याचें ठळक उदाहरण. अँड्रॉइडमध्यें ही गोष्ट कारखानदारावर अवलंबून असते. गुगलनें २०२३ सालच्या पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगनें २०२४ सालच्या गॅलक्सी एस २४ ला सात वर्षें सुधारणा देण्याचें वचन दिलें आहे. परंतु स्वस्त फोनांस असें दीर्घ आयुष्य क्वचितच लाभतें. फोन चालूं राहतो, पण त्याच्या सुरक्षेच्या सुधारणा बंद पडतात. आणि त्याच फोनवरून आपण बँकेचे व्यवहार करीत असतों! उलटपक्षीं, अँड्रॉइडचे फोन आपल्या ऐपतीप्रमाणें निवडतां येतात, आणि एका कारखानदाराचा फोन पसंत न पडल्यास दुसऱ्याचा घेतां येतो. मराठी लिहिण्याची सोय दोहोंतहि आहे.

तथापि माझ्या मतें खरा प्रश्न याहून निराळा आहे, आणि तो समजण्यास आपल्याच जिल्ह्याच्या रेल्वेचा इतिहास उपयोगी पडेल. निजामाच्या राज्यांतून औरंगाबादवरून मनमाडला जाणारा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभीं सुरू झाला. तो होता मीटर गेजचा. मनमाडहून मुंबईकडे जाणारा मार्ग मात्र ब्रॉड गेजचा. दोन्ही गाड्या आपापल्या रुळांवर उत्तम चालत. पण मनमाडला प्रत्येक उतारूस उतरून गाडी बदलावी लागे, व कापसाचा प्रत्येक गठ्ठा एका डब्यांतून दुसऱ्या डब्यांत चढवावा लागे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत औरंगाबादपर्यंतचा रूळ रुंद झाला, तेव्हां ही यातायात संपली. दोष गाडीचा नव्हता. त्रास होता तो बदलण्याच्या जागीं.

फोनांच्या जगांतहि असें एक मनमाड आहे. चार वर्षांपूर्वीं पुण्याच्या माझ्या भाच्यानें आपला वापरलेला आयफोन मला दिला. मी आनंदानें माझा अँड्रॉइड फोन पुसून एका गरजू मुलास देऊन टाकला. नंतर कळलें, कीं व्हॉट्सॲपचा माझा सांठा गुगलच्या खात्यांत होता, आणि तो आयफोनमध्यें सरळ उतरत नाहीं. दोन्ही फोन जवळ असतां तो हलविण्याचा मार्ग तेव्हांहि होता. पण माझा जुना फोन रिकामा होऊन गेला होता. माझ्या आईनें शेवटच्या आजारांत पाठविलेले आवाजी निरोप त्याबरोबर गेले. यांत दोष कोणाचा नाहीं, उतावीळपणा माझा. म्हणूनच मी आग्रहानें सांगतों, कीं प्रणाली निवडतांना तींत प्रवेश कसा होतो एवढेंच पाहूं नका; बाहेर पडतांना आपलें सामान बरोबर नेतां येईल का, हेंहि पाहा.

आणि बाहेर पडण्याचा प्रसंग येतोच. एके काळीं मोठमोठे व्यापारी ब्लॅकबेरी हातीं धरून मिरवीत. त्याच्या जुन्या प्रणालीची सेवा ४ जानेवारी २०२२ रोजीं बंद झाली. मायक्रोसॉफ्टसारख्या बलाढ्य कंपनीचा विंडोज फोनहि २०२० च्या आरंभापर्यंत निराधार झाला. ज्यांच्या नांवानें मुलें भांडतात, त्या कंपन्यांस त्या भांडणाची वार्ताहि नसते. त्या आपला व्यापार पाहतात. २० ऑक्टोबर २०२२ रोजीं भारतीय स्पर्धा आयोगानें अँड्रॉइडच्या बाबतींत वर्चस्वाचा दुरुपयोग केल्याबद्दल गुगलला १३३७.७६ कोटी रुपये दंड केला, व पुढील मार्चमध्यें अपील न्यायाधिकरणानें तो कायम ठेविला. अशा कंपन्यांचें आपण गिऱ्हाईक व्हावें. भक्त होऊं नये.

तेव्हां फोन घेण्यापूर्वीं चार प्रश्न विचारावेत. सुरक्षेच्या सुधारणा आणखी किती वर्षें मिळतील ? फुटला अथवा बिघडला, तर दुरुस्ती कोठें व किती रुपयांत होईल ? घरांतील जुनीं छायाचित्रें व निरोप यांत आणतां येतील काय, आणि उद्यां यांतून नेतां येतील काय ? आणि चौथा, सर्वांत महत्त्वाचा : हा फोन कर्ज न काढतां येतो काय ? पहिल्या तिहींचीं उत्तरें कधीं आयफोनच्या बाजूनें पडतील, कधीं अँड्रॉइडच्या. चौथ्याचें उत्तर “नाहीं” असेल, तर पहिले तीन विचारण्याचें कारणच उरत नाहीं.

त्या पालकांस माझें उत्तर असें. मक्याच्या पैशांतून रब्बीचें बियाणें, खत आणि घरखर्च आधीं बाजूला काढा. जें उरेल तो आंकडा मुलाला लपवूं नका. त्याच्या हातीं द्या, आणि हे चार प्रश्न त्यालाच सोडवूं द्या. ज्याला वडिलांच्या घामाचा हिशेब समजला, तो हट्ट धरण्यापूर्वीं थांबेल असा माझा शिक्षकाचा अनुभव आहे.

आणि भिंतीशीं उभ्या राहिलेल्या त्या मुलास एवढेंच सांगावयाचें आहे. बाळ, त्याच तडकलेल्या कांचेंतून तूं विज्ञानाचे धडे पाहतोस, हें मला ठाऊक आहे. पुढच्या वेळीं वाद चालला, तर फोन खिशांतून बाहेर काढ.