पूर ओसरल्यावर

डोळ्याच्या पडद्यातली नीला तुंबली, की पाणी झिरपून पडदा सुजतो आणि समोरचा चेहरा पुसट होतो. डोळ्यात इंजेक्शन घ्यायचे ठरले, की घरचे विचारतात, ‘गुण येईल ना?’

स्कॅनवर सूज मोजता येते. भाकीत मात्र सुजेखालच्या पेशी किती शाबूत आहेत, यावरही ठरते. पूर ओसरला, तरी कुजलेले पीक उभे राहत नाही.

अमेरिकेतील ‘क्रूझ’ चाचणीचे वर्षाचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. औषध लगेच मिळालेल्यांना तक्त्यावरची सरासरी सुमारे १४ अक्षरे अधिक वाचता आली. सहा महिने उशिरा मिळालेल्यांना ७.

वय आपल्या हाती नाही, वेळ आहे. आजोबा ‘जरा अंधुक दिसतंय’ म्हणाले, तर ‘दिवाळी होऊ द्या, मग पाहू’ म्हणू नका!