सपाट रस्ता, दमट हवा

पोलीस भरतीसाठी पहाटे पळणाऱ्या येरमाळ्याच्या पोरांच्या तोंडी आता मुंबई मॅरेथॉन असते. २००४ मध्ये सुरू झालेली, जानेवारीत होणारी ही शर्यत ४२ किलोमीटर १९५ मीटरची. मरीन ड्राइव्ह, वांद्रे-वरळी सागरी सेतू, शेजारी समुद्र. आपण बालाघाटाच्या चढावर पळणारे, तिथला सपाट रस्ता म्हणजे काय, असं पोरं म्हणतात. चढाचा सराव उपयोगी पडतो हे खरं. माणसारख्या दुष्काळी तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर यांनी २०१२ ते २०१४ सलग तीन वर्षं भारतीय महिलांत ही शर्यत जिंकली.

अडचण रस्त्याची नाही, हवेची आहे. आपल्याकडे जानेवारीत हवा कोरडी. घाम लगेच उडतो, अंग गार राहतं. पावसाळी हवेत सोयाबीन वाळत नाही, तसा समुद्राकाठी घाम वाळत नाही. अंग तापतं, पाण्याबरोबर मीठही जातं. मग नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं, माणूस भोवळून पडतो. तहानेपुरतंच, मीठ-साखर घातलेलं पाणी घ्यावं.

भरतीची धाव १६०० मीटरची. तो वेग इथे धरला तर निम्म्यातच पाय संपतात. आधी २१ किलोमीटरची अर्धी शर्यत पळावी, तीही सुरुवातीला हात राखून.