अख्खा देश वानखेडेवर!

दोस्तांनो, आधी ॲटलास काढा बघू. भारताचं पान नको, प्रशांत महासागराचं पान उघडा. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला बोट ठेवा आणि विषुववृत्ताची रेघ धरून हळूहळू पुढे सरकत जा. निळं, निळं, सगळं निळंच ना? आता नीट बघा. त्या रेघेच्या किंचित खाली एक टिंब दिसेल. छापताना शाई सांडली म्हणून पडलेलं ते टिंब नाही. तो एक देश आहे. त्याचं नाव नाउरू.

देश केवढा म्हणाल, तर अवघा 21 चौरस किलोमीटर. आपल्या गोव्यात असे पावणेदोनशे नाउरू मावतील. बेटाला वळसा घालणारा रस्ता साधारण 19 किलोमीटरचा. म्हणजे सकाळी सायकल काढायची, देशाला एक प्रदक्षिणा घालायची आणि शाळेची घंटा व्हायच्या आत परत! लोकसंख्या दहा-बारा हजार. मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर हा अख्खा देश आणून बसवला, अगदी आजी-आजोबा, तान्ही बाळं आणि राष्ट्राध्यक्षसुद्धा, तरी निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्याच राहतील.

आता असं समजा, की या देशाला मोठ्या आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धेत संघ पाठवायचा आहे. फुटबॉल? अकरा जण आणि वर राखीव खेळाडू हवेत. त्यांच्याशी सरावासाठी खेळायला दुसरे तितकेच हवेत. हॉकी? तीच गत. सगळा देश मिळून तरुण मुलं ती किती असणार! आपल्याकडे हजारोंतून एक निवडतात. तिथे जो आहे त्यालाच तयार करावं लागतं.

मग नाउरूने काय केलं? सांगतो.

1990 साली न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात राष्ट्रकुल स्पर्धा भरल्या होत्या. ब्रिटनबरोबर मुख्यतः त्याच्या जुन्या वसाहतींमधले देश दर चार वर्षांनी या स्पर्धांना जमतात. नाउरू त्या वर्षी पहिल्यांदाच आला. संघात खेळाडू किती? एक! नाव मार्कस स्टीफन, वय वर्षं 20, खेळ वेटलिफ्टिंग, म्हणजे वजन उचलणं.

स्टीफनची गोष्ट पुढे न्यायच्या आधी हा खेळ समजून घेऊ, कारण खरी गंमत त्यातच आहे.

वेटलिफ्टिंगचं मैदान असतं चार मीटर लांब आणि चार मीटर रुंद. म्हणजे मैदान कसलं, एखाद्या घरातली खोलीच म्हणा ना. तिथे लोखंडी दांडा ठेवलेला असतो. पुरुषांच्या स्पर्धेत नुसता दांडाच 20 किलोचा. त्याच्या दोन्ही टोकांना चकत्या चढवत जायच्या. उचलण्याचे प्रकार दोन. पहिला स्नॅच : जमिनीवरचं वजन एका झटक्यात थेट डोक्यावर. मध्ये थांबायचं नाही. दुसरा क्लीन अँड जर्क : आधी वजन खांद्यापर्यंत आणायचं, क्षणभर तोलायचं आणि मग डोक्यावर न्यायचं. प्रत्येक प्रकारात तीन संधी. दोन्हींतली उत्तम वजनं मिळवून होते एकूण बेरीज. त्या काळी राष्ट्रकुल स्पर्धांत स्नॅचला वेगळं पदक, क्लीन अँड जर्कला वेगळं आणि बेरजेला आणखी वेगळं, अशी एका वजनगटात तीन-तीन पदकं असत.

आणि वजनगट म्हणजे काय? खेळाडूचं स्वतःचं वजन. साठ किलोचा गडी साठ किलोवाल्यांशीच झुंजणार. समोर शंभर किलोचा पहिलवान येणार नाही. ताडमाड उंची नको, अकरा सवंगडी नकोत, हिरवंगार मैदान नको. एक खोली, एक दांडा, एक शिकवणारा आणि रोज घाम गाळायची तयारी. लहानशा बेटाला परवडेल असा हा खेळ आहे, नाही का?

तर, ऑकलंड. वेटलिफ्टिंगमध्ये तेव्हा कोणाचा दरारा होता माहीत आहे? आपल्या भारताचा! त्या स्पर्धांत भारताने एकूण 13 सुवर्णपदकं मिळवली. त्यातली 12 वेटलिफ्टिंगची आणि तेरावं मुंबईच्या अशोक पंडित यांचं, नेमबाजीतलं. 52 किलो आणि 56 किलो या गटांतली तिन्ही-तिन्ही सुवर्णपदकं भारताच्याच खिशात गेली. पुढचा गट 60 किलोचा. त्यातही क्लीन अँड जर्क आणि बेरीज या दोन्हींचं सोनं भारताच्या परवेश चंदर शर्मा यांनी जिंकलं. पण स्नॅचचं सोनं मात्र निसटलं. ते कोणी नेलं? नाउरूच्या मार्कस स्टीफनने! उरलेल्या दोन्ही प्रकारांत रौप्यपदकंही त्यालाच. पहिल्यांदाच आलेला देश, एकटा खेळाडू आणि पदकं तीन.

आता तुम्ही म्हणाल, मग काय, दोन वर्षांनी बार्सिलोना ऑलिंपिकला नाउरूचा झेंडा घेऊन स्वारी निघाली असेल!

नाही निघाली. निघूच शकली नाही. ऑलिंपिकला देश परस्पर जात नाही. त्या देशाची ऑलिंपिक समिती असावी लागते आणि तिला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने मान्यता द्यावी लागते. ती मिळवायची तर ऑलिंपिकमधल्या किमान पाच खेळांच्या संघटना देशात हव्यात, असा नियम. दहा हजारांच्या देशात पाच संघटना, त्यांचे अध्यक्ष, सचिव, कागदपत्रं! मान्यता मिळेपर्यंत बार्सिलोना हातचं जाणार होतं. खेळाडू तयार होता, पण त्याचा देश ऑलिंपिकच्या वहीत नव्हताच.

स्टीफनने मग काय केलं? त्याने सामोआ या दुसऱ्या बेटदेशाचं नागरिकत्व घेतलं आणि 1992 साली बार्सिलोनात तो सामोआकडून उतरला. दोस्तांनो, क्षणभर स्वतःला त्याच्या जागी ठेवून बघा. वर्षानुवर्षं मेहनत केलीत, जगातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत पाऊल ठेवलंत आणि छातीवर नाव दुसऱ्याच देशाचं. सामोआने दार उघडलं हे खरंच, त्याचे उपकार मानायलाच हवेत. पण आपलं घर ते आपलं घर.

घरी मात्र कामाला वेग आला होता. 1994 साली नाउरूच्या ऑलिंपिक समितीला मान्यता मिळाली. त्याच वर्षी कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरी राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या आणि स्टीफनने आपल्या गटातली तिन्ही सुवर्णपदकं पटकावली. आणि 1996 साली अटलांटा ऑलिंपिक आलं. लिएंडर पेसने टेनिसमध्ये कांस्यपदक जिंकून आपल्याला आनंदाने उड्या मारायला लावल्या, तेच ते ऑलिंपिक. तिथे संचलनात नाउरूचा झेंडा पहिल्यांदा फडकला. तीन खेळाडू, तिघेही वेटलिफ्टर. स्टीफनच्या छातीवर या वेळी नाव होतं नाउरूचं.

पदक मिळालं का? नाही. अटलांटात नाही, सिडनीत 2000 साली नाही. खरं सांगायचं, तर ऑलिंपिकमध्ये नाउरूला आजवर एकही पदक मिळालेलं नाही. पण राष्ट्रकुल स्पर्धांत स्टीफनची घोडदौड चालूच राहिली. 1998 साली क्वालालंपूरला पुन्हा तीन सुवर्ण, 2002 साली मँचेस्टरला तीन रौप्य. बेरीज करा पाहू. सात सुवर्ण आणि पाच रौप्य! 1999 साली अथेन्सच्या जागतिक स्पर्धेतही त्याने रौप्यपदक मिळवलं.

आणि तो एकटाच नव्हता बरं का. मँचेस्टरलाच रियाना सॉलोमन हिने सोनं जिंकलं. राष्ट्रकुलमध्ये सुवर्णपदक मिळवणारी ती नाउरूची पहिली महिला.

हे सगळं नुसत्या जिद्दीवर झालं असं मी सांगितलं, तर ते अर्धंच सांगितल्यासारखं होईल. जिद्दीला पैशाचीही साथ होती. नाउरूच्या जमिनीत फॉस्फेट होतं. फॉस्फेटपासून खत बनतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून जहाजं भरभरून ते ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या शेतांवर गेलं. 1968 साली देश स्वतंत्र झाला आणि पुढची काही वर्षं हे टिंब जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशांमध्ये मोजलं जाई. मुलं शिकायला ऑस्ट्रेलियात जात. स्टीफनही तिथेच शिकला. पॉल कोफा या ऑस्ट्रेलियन प्रशिक्षकाने त्याला घडवलं आणि पुढे ते नाउरूच्याच वेटलिफ्टरांना शिकवू लागले.

पण जमीन खणून खणून किती खणणार? बेटाचा जवळजवळ चार पंचमांश भाग खणून झाला. मधल्या पठारावर चुनखडीचे नुसते टोकदार सुळके उरले. ना शेती, ना घर, ना खेळाचं मैदान. विसाव्या शतकाच्या अखेरीस फॉस्फेट संपत आलं आणि गुंतवलेला पैसाही बराचसा बुडाला. जो देश खजिन्यावर बसला होता, तो कर्जात अडकला.

अशा वेळी स्टीफनने वजनांचा दांडा खाली ठेवला आणि दुसरंच ओझं उचललं. 2003 साली तो संसदेत निवडून गेला आणि 2007 साली देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. आता 'तो' म्हणून चालायचं नाही, 'ते' म्हणायला हवं! 2011 पर्यंत ते त्या पदावर होते.

मधे 2010 साली राष्ट्रकुल स्पर्धा आपल्या दिल्लीत झाल्या. आठवत नसेल तर घरातल्या मोठ्यांना विचारा. तिथे 77 किलो गटात सुवर्णपदक कोणी जिंकलं? नाउरूच्या युकिओ पीटरने! आपल्या सुधीर कुमारला त्या गटात कांस्यपदक मिळालं. म्हणजे वानखेडेवर मावणाऱ्या देशाचं राष्ट्रगीत आपल्या राजधानीत वाजलं, आणि त्या वेळी त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष होते ऑकलंडला एकट्याने गेलेले मार्कस स्टीफन.

पुढे काय? 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकला नाउरूचा एकच खेळाडू होता, वेटलिफ्टर इत्ते देतेनामो. झेंडा त्यानेच धरायचा आणि वजनही त्यानेच उचलायचं. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकलाही एकच, 100 मीटरचा धावपटू. 'एकटाच जायचं, पदकाची आशा नाही, मग जायचं तरी कशाला?' असा प्रश्न तुमच्यातल्या कुणीतरी नक्की विचारेल. विचारायलाच हवा.

त्याचं उत्तर बार्सिलोनात आहे. 1992 साली पात्रतेचा माणूस होता, पण त्याला पाठवणारं कुणी नव्हतं. दार असं एकदा बंद मिळालं, की ते उघडं असण्याची किंमत कळते. आज नाउरूचा एकच खेळाडू जात असेल, पण तो स्वतःच्या देशाच्या नावाने जातो. उद्या एखादी मुलगी तिथे खरोखरच जोरात पळू लागली, तर तिला दुसऱ्या देशाचा सदरा शोधत फिरावं लागणार नाही. ते दार उघडं ठेवण्यासाठी कुणीतरी दरवेळी जात राहावं लागतं. हरायची तयारी ठेवूनही.

आणखी एक. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या शाळेला मैदान नसतं. वर्गात मुलंच वीस. 'आमचा संघ होतच नाही' अशी तक्रार असते आणि ती खरीही असते. मैदान मिळायलाच हवं, त्यासाठी मोठ्यांच्या मागे लागायलाच हवं. पण मिळेपर्यंत काय करायचं? नाउरूने आपल्याला जमणार नाही त्याची यादी करत बसण्यापेक्षा चार बाय चार मीटरमध्ये काय मावतं ते शोधलं. तुमच्याकडच्या जागेत काय मावतं? मल्लखांबाचा खांब? टेबल टेनिसचं टेबल? बुद्धिबळाचा पट? कुस्तीचा हौदा? दोरीवरच्या उड्या? शोधा, आणि एकच काहीतरी धरून वर्षभर करून बघा. काय निवडलंत ते पत्राने जरूर कळवा.

आता या आठवड्याचा गृहपाठ. पॅरिस ऑलिंपिकमध्ये दोन छोट्या बेटदेशांनी आपल्या इतिहासातलं पहिलंवहिलं पदक मिळवलं, आणि तेही थेट सोन्याचं. सेंट लुशियाची ज्युलियन आल्फ्रेड 100 मीटर धावण्यात पहिली आली, तर डॉमिनिकाची थिया लाफाँड तिहेरी उडीत. हे दोन्ही देश ॲटलासमध्ये शोधून काढा. प्रशांत महासागरात शोधू नका हं, तिथे सापडायचे नाहीत. आणि डॉमिनिका म्हणजे डॉमिनिकन रिपब्लिक नव्हे, तो वेगळा देश. फसू नका!

सापडले की पेन्सिलीने हलकेच गोल करा. पुढच्या वेळी टीव्हीवर खेळाडूंचं संचलन बघाल, तेव्हा चार-पाच जणांचा एखादा संघ हात हलवत जाईल. त्या वेळी पाणी प्यायला उठू नका. बसून राहा आणि त्यांच्यासाठी एक टाळी वाजवा.

भेटू पुढच्या आठवड्यात!